पेरलेली लाही

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. हा हौशीराम तर आत्ताच मिशीत हसतोय. हसू दे, शेतकरी गडी तो, त्याला पेरणीतलं कळतं, प्रेमातलं नाही. पण लोणावळ्याच्या मातीत एकदा लाही पेरली होती. फुटलेली, पांढरीशुभ्र, मक्याची लाही. आणि ती उगवली. एकोणीसशे चौतीसची गोष्ट.

श्रावणाचे दिवस. लोणावळ्यात पाऊस वरून पडत नाही, आडवा चालत येतो. त्या दिवशी तर इतका होता, की बाजारातल्या म्हशी पोहत घरी गेल्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या श्रीपादची छत्री वाऱ्यानं उलटी केली आणि तो समोर दिसेल त्या छपराखाली शिरला. ती धोंडाबाईची भट्टी होती. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, म्हणून लाह्यांची घाई. धोंडाबाईची भाची कस्तुरा कढईतल्या तापल्या वाळूत मका परतत होती. तड् तड् तड्... आणि एक लाही उडाली ती थेट श्रीपादच्या चष्म्यावर.

"लागलं का, मास्तर?"

"नाही, नाही... तुम्ही चालू द्या."

"आमाला कुनी तुमी म्हनत न्हाई," ती हसली. गालावर राखेचा एक पुसट पट्टा होता. तो पुसावा असं श्रीपादला वाटलं, आणि असं वाटल्याची इतकी भीती वाटली, की तो शिकवायलाच लागला.

"दाण्यात थोडं पाणी असतं. तापलं की त्याची वाफ होते. वाफेला वाट मिळत नाही, म्हणून दाणा फुटतो. पदार्थ तोच, नुसतं रूप बदलतं. हा भौतिक बदल."

"आन लाकडाची राख व्हती, ते?"

"तो रासायनिक. तिथं पदार्थच पालटतो. पुन्हा लाकूड होणे नाही."

कस्तुरानं मूठभर लाह्या त्याच्या नाकाशी धरल्या. "मग ह्यो वास कुटनं आला? दान्याला तर नव्हता."

श्रीपादनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "ते... बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो सांगायला आला. "वासापुरता थोडा रासायनिक."

"थोडा म्हंजे किती?"

तेही बघून सांगायचं होतं. मग दर बाजाराला तो येऊ लागला. इतक्या लाह्या खाल्ल्या, की घाटातल्या वाऱ्यात त्याला खिशात दगड घालून चालावं लागे.

"मास्तर," धोंडाबाई म्हणायची, "उत्तर पुस्तकात न्हाई गावत, का हितंच गावतं?"

एकदा कढईच्या तळाशी एकच दाणा उरला. कस्तुरानं तो झाऱ्यावर घेतला. "ह्यो गणंग. सगळे फुटले, ह्यो नुसताच तापला. तोंड काय उघडंना." ती दाण्याकडेच बघत होती. कान मात्र श्रीपादचे लाल झाले.

दिवाळी सरली आणि तिनंच सांगितलं, "आंदर मावळात दिलंय मला. तुळशीचं लगीन झालं की आमचं."

भट्टीतलं लाकूड फुटलं. तो ब्राह्मणाचा, ती कुणब्याची. गावानं दोघांना सोललं असतं. पण गाव अजून लांब होतं. सगळ्यात जवळचा अडसर त्याची स्वतःची जीभ.

"लगीन झाल्यावर बाईचं काय व्हतं, मास्तर? नुसतं रूप बदलतं, का पदार्थच?"

एक शब्द पुरला असता... नुसतं 'राहा'. श्रीपाद म्हणाला, "ते... बघून सांगतो."

तिनं एक लाही त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली. "पदार्थ तोच म्हनता न्हवं? मग पेरा. उगवली तर तुमचं खरं. मी असंन तितनं परत येईन."

"कस्तुरा, तू—"

"लाह्या करपल्या गं," धोंडाबाई ओरडली. कस्तुरा कढईकडे वळली.

लाही हिवाळाभर त्याच्या चष्म्याच्या डबीत राहिली. ज्येष्ठात त्यानं ती शाळेमागं पेरली आणि शाळा सुटली की रोज तिथं उकिडवा बसू लागला. आठव्या दिवशी कोंब. गणपतीपर्यंत मक्याचं ताट एवढं उंच, की शेंड्यावरून खंडाळ्याची गाडी दिसे. आणि कणीस सोललं तर आत दाणे नाहीत, ओळीनं फुटलेल्या लाह्या, गरम! त्याच क्षणी बांधावरून ती आली. भिजलेली, गालावर तोच राखेचा पट्टा. म्हणाली, "मास्तर, वास तितपर्यंत आला, म्हनून—"

"लाही उगवत न्हाई, श्रीपाद मास्तर," हौशीराम हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता. "म्हंजे ती बी आली न्हाई."