अमरकंदाचं पाणी

हातजोड मंगळवारी आणि शुक्रवारी असे, वीस-वीस मिनिटं. कुमुदिनी गवस मात्र रोज येई आणि तासभर हात लावून बसे. दोडामार्गच्या डोंगरातल्या त्या निद्रागृहात परिचारिकांनी तिला टोकणं केव्हाच सोडलं होतं. आईला घड्याळ दाखवून काय उपयोग?

तिची मुलगी तेजल चार वर्षांपूर्वी, ऐन बाविशीत, मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून कंदनिद्रेत गेली. ही झोप माणसानं अमरकंदाकडून उसनी घेतलेली. अमरकंद म्हणजे आपल्याकडची भुईआमरी, झाडावर न चढता जमिनीत कंद धरणारं ऑर्किड. नारळ आपल्या कोंबाची शिदोरी बरोबर घेऊनच पडतो; आमरीचं बी धुळीएवढं, त्याच्याजवळ काहीच नसतं. मातीतली एक बुरशी त्याला भरवते, तेव्हा कुठे ते रुजतं. पुढेही दिवस वाईट आले की पानं टाकून कंद खाली पडून राहतो, आणि बुरशी त्याला पोसत राहते. शास्त्रज्ञांनी तशीच एक बुरशी माणसाच्या तळहातात वसवली. रोगी झोपतो, शरीर सावकाश स्वतःची डागडुजी करतं, आणि रक्ताच्या नात्यातलं कुणी तळहाताला तळहात लावून त्याला पोसतं. त्यालाच हातजोड म्हणत.

तेजलची मूत्रपिंडं दीड वर्षापूर्वीच बरी झाली होती. ती उठत मात्र नव्हती.

"हातजोडीचा आहार आणखी थोडा वाढवू," निद्रागृहाचे प्रमुख डॉ. केळुसकर म्हणाले. "अशक्तपणा असेल."

कुमुदिनी म्हणाली, "वर्षभर वाढयतास. डॉक्टर, तुमी कधी अमरकंद लावल्यात?"

"हजारो. प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांत."

"कुंडयेत?"

"नाही."

कुमुदिनीच्या अंगणात चाळीस कुंड्या होत्या. तळाला खापऱ्या, वर भुसभुशीत माती नि पालापाचोळा, आणि प्रत्येकीत जुन्या कुंडीतली मूठभर माती, कारण बुरशी तिच्यातच. पानं पिवळी पडली की ती पाणी तोडी आणि कुंड्या गोठ्यात आडव्या करून ठेवी.

"गेल्या साली माझी जाव एका कुंडयेक मायेन पाणी घालीत रवली," ती म्हणाली. "बाकीच्यांका कोंब इले. तो कंद फुगलो नि गप पडान रवलो. पोट भरलेला, उठात कित्याक?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हा विचार आमच्याही मनात आला होता. धाडस झालं नाही. शरीर आतून पुरतं बरं नसेल, तर उपाशी ठेवल्यावर ती उठणार नाही, जाईल. आणि तपासण्या सगळं सांगत नाहीत. सही तुम्हाला करावी लागेल."

तीन दिवस कुमुदिनी कुंड्यांमधून येरझाऱ्या घालत राहिली. अति तिथं माती हे तिला पटत होतं, पण सांगायला सोपं. जावे त्याच्या वंशा. चौथ्या दिवशी तिनं सही केली.

त्यानंतर ती रोज येऊन हात पदरात गुंडाळून बसू लागली. चार वर्षांच्या सवयीचा तळहात असा खाजे की झाडलेली खोली ती पुन्हा झाडायला घेई. जेवण जाईना. उगाच परिचारिकांशी भांडली. तेजलचे गाल बसले, ओठ सुकले. सातव्या दिवशी नाडी उतरली तेव्हा डॉक्टरच घाबरले. "पुरे झालं. हात द्या तिला."

"कोंब येवच्या आधी कंद सुकताच," ती म्हणाली.

ते खरं होतं. मरणारा कंदही असाच सुकतो, हे तिनं सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत तिला स्वतःचाच राग राग आला.

नवव्या दिवशी दुपारी तेजलनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग आईकडे.

"नव दिस हात दिलस नाय," ती म्हणाली.

कुमुदिनीला रडू फुटलं. मग शब्द ध्यानात आले. "तुका कळत होता?"

"सगळा. किती वरसां. तू येयस, हात लावयस. बरा वाटा."

"मगे उठलस कित्याक नाय, बाये?"

"कित्याक उठू?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. काचेपलीकडच्या दालनात बासष्ट जण झोपलेले होते. शुक्रवार होता. प्रत्येकाशेजारी कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची बहीण तळहाताला तळहात लावून बसलेली. त्यांतली निम्मी तरी माणसं ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसत, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

"पेज हाडतंय," कुमुदिनी म्हणाली.

"पेज नको." तेजलनं हात उताणा केला आणि चादरीवरून हळूहळू आईकडे सरकवला. तळव्यावर पांढरे बारीक तंतू उभे राहिले होते.

कुमुदिनीचा तळहात पेटल्यासारखा झाला. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यांवर बसली, आणि परिचारिकेला पेज आणायला सांगितली.

तेजलनं हात तसाच ठेवला. तिला घाई नव्हती.