कमानीचा शेवटचा दगड

नारायणगावजवळच्या दूरसंपर्क केंद्रात त्या दुपारी चहा कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हता. शनीकडे निघालेल्या ‘अगस्ती’ यानाचा मुख्य अँटेना निकामी झाल्यापासून, गेले पाच महिने, यान मुकं होतं. आज राखीव अँटेनावरून संपर्काचा एक क्षीण धागा जुळला. त्यावरून आवाज नाही, चित्र नाही. आला तो फक्त संगणकावरचा एक खेळ.

म्हणून हेमलता शिंगाडेंना बोलावणं गेलं. यानात एकटीच असलेली शर्वरी त्यांची मुलगी, आणि खेळही त्या दोघी मिळून खेळायच्या तोच.

“काकू, इतक्या बारीक धाग्यावरून एवढंच मावतं,” संपर्कप्रमुख फिरोज मुजावर म्हणाला. “‘चालली’, ‘वळली’, ‘दगड उचलला’. नुसत्या हालनोंदी.”

“आमच्या वेळी अख्खा खेळच एवढा असायचा रे. वसतिगृहात एक संगणक, काळ्या पडद्यावर अक्षरं. ‘तुम्ही नदीकाठी आहात. पलीकडे कुणीतरी उभं आहे.’ नदी ज्यानंत्यानं आपल्या मनात वाहवायची! मग चित्रं आली, एकेका जगात लाखो माणसं नांदायला लागली. पण जाळं मंद. समोरचा धावता धावता थिजायचा. मग आम्ही अंदाज बांधायला लागलो. धावत होता ना, मग दाखवा धावताना. खरी नोंद पोचली की दुरुस्त करा.”

“तो अंदाज क्षणभराचा असायचा. तुम्ही सव्वा तासाचा केलात.”

“प्रकाशालाच तेवढा वेळ लागतो, त्याला मी काय करू?”

त्यातूनच हेमलताबाईंनी भाकीतप्रतिमा घडवली. खेळाडूच्या सगळ्या सवयी शिकलेली, त्याची खरी नोंद येईपर्यंत त्याच्या जागी खेळणारी. यान मुकं झाल्यावरही शर्वरीची प्रतिमा इथे खेळत राहिली. दोघींनी आधी ठरवलेल्या आराखड्याप्रमाणे नदीवर दगडी पूल उभा राहिला. अलीकडून हेमलताबाई, पलीकडून प्रतिमा. कमानीचा शेवटचा दगड प्रतिमेनं बसवला. पाच वर्षांची असल्यापासून “शेवटचा मीच!” म्हणून शरू हटून बसायची आणि आई दर वेळी तो तिच्यासाठी सोडायची.

फिरोज घुटमळला. “रसदयान सोडायचं की नाही, ते आज ठरवायचंय. ती जिवंत असेल तरच. आणि यानावरचा नोंदी पाठवणारा प्रोग्रॅमसुद्धा हरवलेल्या नोंदी तिच्या प्रतिमेकडूनच भरून घेतो.”

“माहीत आहे. मीच लिहिलाय तो.” त्यांचा आवाज कोरडा झाला. “माणूस नसलं तरी तो पाठवत राहील. दुरुस्ती सुरू कर.”

पडद्यावर नदी उमटली. पलीकडच्या अर्ध्या पुलातला एकेक दगड विरू लागला आणि त्याच्या जागी यानाकडून आलेला दगड बसू लागला. कोट्यवधी मैलांवरून आलेले ते दगड तसूभरही इकडेतिकडे नव्हते. खोलीतली माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली.

“एकही चूक नाही!” फिरोज थक्क होऊन म्हणाला.

“तेच वाईट आहे रे. प्रतिमा कधी चुकत नाही.”

एकेक दगड जुळत गेला. उरला कमानीचा मधला. तो विरला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. भोकातून खालचं पाणी दिसत होतं.

“धागा तुटला वाटतं.”

“नाही. खालच्या नोंदी वाच.”

“‘दगड उचलला. थांबली. दगड ठेवला. गेली.’ पुन्हा तेच, काकू. रोज तेच! दगड हातात घेते नि भोकापाशी बसून राहते.”

हेमलताबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “माझं गणित सांगतं, ती तो लावणारच. आयुष्यभर तिनं तेच केलंय. आणि हे गणित तिलाही पाठ आहे.” त्यांनी पडद्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. “गणित चुकलं, फिरोज. तिनं मुद्दाम चुकवलं. प्रतिमेला हे सुचणार नाही. ती आहे.”

कुणीतरी रडत हसलं. फिरोजनं रसदयानासाठी फोन उचलला, मग मध्येच थबकला. “पण तिला कसं कळणार, इथे तुम्ही आहात ते? यानात तिच्यासमोरही तुमची प्रतिमाच बसलीय.”

“आणि माझी प्रतिमा काय करतेय?”

“शेवटचा दगड तिच्यासाठी सोडून बसली असणार.”

“बसू दे बिचारीला. आपल्या नोंदी पोचतील ना तिकडे?”

“पोचतील.”

हेमलताबाईंनी चष्मा पुसला, खेळाचा नियंत्रक हातात घेतला आणि पडद्यावरच्या पुलावर चढल्या. भोकाच्या काठाशी वाकून त्यांनी जन्मात पहिल्यांदा शेवटचा दगड स्वतः बसवला.

सव्वा तासानं, शनीच्या वाटेवर, आणखी एक भाकीत चुकणार होतं.