ऑरिनच्या खिशातलं टोपण

उत्तरेकडच्या डुलूथ शहरात फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचलाच दिवस आटोपतो. त्या शनिवारी व्हर्लिन आपल्या तळघरात टेबलाखाली पालथा पडून तार ओढत होता आणि खुर्चीत बसलेला कर्ट त्याच्या चुका काढत होता. सोमवारी कर्ट बाडबिस्तरा बांधून कायमचा ॲरिझोनाला निघणार होता. पाच हिवाळे त्यांनी इथे संगणक जोडून खेळात एकमेकांना गोळ्या घातल्या होत्या. आजचा डाव शेवटचा, आणि तो झाला नाही तर व्हर्लिनला जन्मभर चुटपुट लागणार होती.

तिसरा भिडू ऑरिन ऑक्टोबरातच वारला होता. त्याची बायको मार्लिस त्याचा संगणक आणि तारांचा खोका घेऊन आली होती. संगणकाची विजेची वायर तिला सापडली नव्हती. तरी व्हर्लिनने तो ऑरिनच्या जागी मांडला आणि तारेचं शेवटचं टोक त्याच्या पाठीशी नेलं. ती जागा रिकामी ठेवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

या जुन्या तारेच्या दोन्ही टोकांना धातूचं एकेक टोपण लागतं. एक नसलं तरी सगळं ठप्प. खोक्यात एकच निघालं.

"दुसरं कुठंय?" कर्टने विचारलं.

"ऑरिनच्या शर्टाच्या खिशात. आपण त्याच्याआधी सुरू करू नये म्हणून लेकाचा ते घेऊन फिरायचा."

"कुठला शर्ट?"

"लाल चौकड्यांचा."

फरसबी घातलेल्या हॉटडिशचं ओव्हनमधून काढलेलं भांडं घेऊन उतरणारी मार्लिस जिन्यातच थबकली. "तोच घालून पुरलंय त्याला," ती म्हणाली. "सूट होत नव्हता."

कर्टने खोका पालथा करून झटकला.

"खिसे तपासायचे असतात गं," शेवटी कर्ट म्हणाला.

"धुताना तपासते. हा धुवायला नव्हता."

तेवढ्यात दिवा लुकलुकला. कोपऱ्यातली घर तापवणारी भट्टी घुरघुरायची थांबली. ऑरिन सतत चघळायचा त्या मेन्थॉलच्या गोळीचा वास आला, आणि दाताखाली गोळी फुटावी तसा कटकन आवाज.

"तू... गोळी खातोयस?" व्हर्लिन कुजबुजला.

"मला मेन्थॉलने शिंका येतात..." कर्ट म्हणाला.

दोघांच्या पडद्यांवर एकेक नाव उमटलं. व्हर्लिन. कर्ट. ऑरिन.

ऑरिनचा पडदा काळाच होता.

"खेळायचं का?" व्हर्लिनने विचारलं.

"सोमवारी जायचंय मला," कर्ट घाबरत म्हणाला. "खेळू."

पहिल्याच मिनिटात खेळातल्या जिन्याखाली दबा धरून कोणीतरी कर्टला पाठीत गोळी घातली. "मेला तरी पाठीतच घालतोय," कर्ट करवादला. व्हर्लिन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मार्लिसने एका ताटलीतली, ऑरिनला कधीच न आवडलेली फरसबी निवडून काढली आणि ती ताटली रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली.

सगळे निघाल्यावर व्हर्लिनने विजेरी घेऊन ऑरिनच्या संगणकामागे पाहिलं. दुसरं टोपण तिथे घट्ट बसलेलं होतं. त्यावर ओला काळा चिखल होता, आणि बाहेर जमीन हातभर खोल गोठून दगड झाली होती. त्याने हात लावला नाही.

मंगळवारी वाटेतल्या मोटेलवरून कर्टचा फोन आला.

"व्हर्लिन, माझ्या शर्टाच्या खिशात ते टोपण तू घातलंस?"

व्हर्लिन तळघरात जाऊन पाहून आला. टोपण तिथे नव्हतं.

"कुठला शर्ट?"

"आज सकाळी विकत घेतलेला."

व्हर्लिन जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला भीतीही वाटली आणि बरंही वाटलं.

"सांभाळ ते," तो म्हणाला. "पुढच्या फेब्रुवारीत घेऊन ये. आता तुझ्याशिवाय सुरू होणार नाही."

"येतो..." कर्टचा आवाज खाली गेला. "पण व्हर्लिन... चिखल अजून ओला आहे रे."

आणि फोनमध्ये कर्ट लागोपाठ शिंकू लागला.