काचेवर राहिलेला कागद

"मॅडम, तुमच्या मशीनने माझा कागद गिळला!"

"तुम्हीच वाकडा घातलात," मी म्हटलं. "माझं मशीन काही उपाशी नाही."

तो हसला... आणि चष्मा पुसत उगाचच थांबला. झालं! तेव्हापासून दर बुधवारी स्वारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हजर. कारखान्यातल्या युनियनची पत्रकं काढायला — पगारवाढ, पाळीची वेळ, पिण्याचं पाणी. अहो-जाहो कधी गळालं, कळलंही नाही. माझा दादा त्याच कारखान्यात. "तुझा चष्मेवाला सोन्यासारखा माणूस आहे," तो म्हणायचा. त्या 'तुझा'ने माझे कान तापायचे.

मग एका बुधवारी तो एक कागद मशीनच्या काचेवरच विसरला. विसरतात बरेच जण. मी उचलला आणि वाचला.

'पगारवाढ हे निमित्त. सोमवारच्या मोर्चावर गोळीबार झाला तरच लोक सत्ता उलथायला उठतील. कामगारांना हे आताच सांगू नये.' खाली त्याची सही.

मोर्चाच्या पहिल्या रांगेत झेंडा घेऊन दादा चालणार होता.

तो धापा टाकत परत आला. माझ्या हातातला कागद बघून पांढराफटक पडला.

"हे खरं आहे?"

"हो... माझा यावर विश्वास आहे. पण खरं सांगितलं तर येणार कोण?"

"येतील ते येतील! दादाचा जीव काय तुझ्या बापाचा आहे?"

त्याने चष्मा काढला. मग एकदम — "माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्यात काही लपवलेलं नाही."

मेल्याला हीच वेळ सापडली! मला रडूच फुटलं. "माझंही आहे रे... म्हणूनच सांगते. गेटवर हे वाचून दाखव. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

रविवारी त्याने वाचलं, मोठ्याने. लोकांनी शिव्या घातल्या, दादाने तर कानाखाली वाजवली. आठशेतले अकरा उरले.

सोमवारी सकाळी मी त्याची बाही धरली. "आता कशाला जातोस?"

"विश्वास आहे म्हणालो ना सगळ्यांसमोर? मग आता मीच घरी बसू?" त्याने माझी बोटं हळूच सोडवली. झेंडा त्याच्याच हातात होता.

अकरा माणसांवर कोण गोळ्या झाडतं? पण झाडल्या. तो पहिला पडला. आणि उठलं कोणीच नाही.

दादा रोज माझ्यासमोर जेवायला बसतो. "त्याला कुठून बुद्धी झाली देव जाणे," म्हणतो, "पण त्याने सांगितलं म्हणून मी आहे."

मी त्याला वाढते. सांगायला कोणी लावलं, हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.