विचार करणारे कपाट

"माझ्या बाबांना एका कपाटानं हरवलंय," सरोज म्हणाली. "तीनदा. त्या कपाटाला खरंच विचार करता येतो का, एवढं मला शोधून द्या."

परशुराम गुप्ते ठाण्यात चरईला राहून खाजगी शोधाची कामे घेत. चोऱ्या, पळालेले जावई, खोटी मृत्युपत्रे असले सगळे त्यांनी पाहिले होते. कपाटाविरुद्ध फिर्याद मात्र १९५५ सालच्या त्या शुक्रवारीच पहिल्यांदा आली. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे मित्र विश्रामराव हसायला लागले आणि मुलीचा चेहरा पाहून गप्प बसले.

हकीकत अशी होती. सरोजचे वडील हरिहर मास्तर एकतीस वर्षे डोंबिवलीत गणित शिकवत होते. बुद्धिबळात तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोलशेतच्या एका कारखान्यातला गुरुदत्त नावाचा तरुण इंजिनियर नौपाड्यात राहायचा. त्याने घरीच एका लोखंडी कपाटात 'विचारयंत्र' बांधले आणि मास्तरांना खेळायला बोलावले. तीन रविवार झाले, तीन डाव झाले, तिन्ही यंत्राने जिंकले.

"बाबा म्हणतात, जे लोखंडाला जमतं ते पोरांना शिकवायला माणूस कशाला हवा? त्यांनी राजीनामा लिहून दिलाय. सोमवारी हेडमास्तर मंजूर करतील. पानावर बसतात, घास घेतात आणि चावायचं विसरतात हो." तिने पिशवीतून एक वही काढली. "शाळा सुटली तर ते जगायचे नाहीत."

"डावांच्या नोंदी आहेत?"

सरोजने वडिलांची वही पुढे केली. गुप्त्यांनी पट मांडला आणि वहीबरहुकूम सोंगट्या हलवायला सुरुवात केली.

"विश्राम, हा दुसरा डाव. मास्तरांकडे राजा आणि एकच प्यादं उरलंय. यंत्राला ते फुकट मारता येतं. मारत नाही. सात चाली जास्त खेळतं आणि मग मात करतं."

"बरोबरच आहे! प्यादं मारलं की राजा एकटा उरला, म्हणजे बुर्जी. त्या जिंकण्याला काय अर्थ?"

"आणि तिसऱ्या डावात यंत्राचं प्यादं घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचतं. त्याचा घोडा होतो."

"घोड्याच्या घरात घोडाच होणार. उंट होणार आहे का?"

गुप्त्यांनी मित्राकडे मोठ्या कौतुकाने पाहिले. विश्रामराव उगीचच सुखावले.

मास्तरांनी वेळाही टिपल्या होत्या. पहिले दोन डाव दुपारी दोनला सुरू झाले, तिसरा साडेतीनला. प्रत्येक डावात एकच नोंद होती: 'चार वाजता यंत्रास अर्धा तास विश्रांती.'

शनिवारी दोघे नौपाड्यात पोचले. गुरुदत्तचे बिऱ्हाड चाळीत तळमजल्यावर, दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून, ते लोखंडी कपाट उभे होते. त्याच्या छातीवर चौसष्ट बारके दिवे आणि चौसष्ट बटणे होती. आपली चाल बटणे दाबून कळवायची, उत्तर दिव्यांनी मिळायचे. वर पुठ्ठ्यावर नियम लिहिले होते: 'खेळ इंग्रजी पद्धतीने. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर किंवा हवा तो मोहरा घ्यावा. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तरी डाव चालू राहील.'

विश्रामरावांनी कपाट उघडून पाहिले. आत तारांचे जंजाळ होते. माणूस सोडा, मांजरही मावले नसते.

"मी खेळाडू नाही," गुरुदत्त म्हणाला. "मुंबईत एक इंग्रजी पुस्तक घेतलं, त्यातले नियम यंत्रात घातले. डाव चालू असताना मी सगळ्यांसमोर उभा असतो, हाताची घडी घालून."

"मग ते चाल ठरवतं कशी?"

"प्रत्येक चालीचं वजन काढतं आणि सगळ्यात जड चाल निवडतं. माणसासारखा मोह नाही, राग नाही, सवय नाही."

"आणि चारची विश्रांती?"

"दोन तासांत आतली वेटोळी तापतात. निववावं लागतं."

गुरुदत्तच्या हाताखालचा वायरमन गुणाजी डावाच्या वेळी कपाटाशेजारी स्टूल टाकून बसायचा. विश्रामरावांचा सगळा संशय त्याच्यावर होता.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं?" गुणाजी म्हणाला. "आमच्या गावाला पत्ते खेळतात. आणि गेल्या रविवारी मी इथं नव्हतोच. बहिणीच्या लग्नाला गेलेलो, मंगळवारी आलो. मशीन माझ्याशिवाय खेळलीच ना?"

विश्रामराव हिरमुसले. गेल्याच रविवारी तिसरा डाव झाला होता.

गुरुदत्तची बायको सुमती चहा घेऊन आली. माहेर वाईचे, वडील वैद्य.

"वडिलांकडे दुपारी पट मांडलेला असे," ती म्हणाली. "पण बायकांना कोण बसवतंय पटावर? लग्न झालं नि सगळंच सुटलं."

"यंत्राचे डाव तुम्ही पाहिले असतील."

"छे. बाहेर पुरुषमाणसं असतात. मी आतच असते. चारला नळ येतो तेवढी बाहेर पडते. अर्ध्या तासात भरलं नाही तर उद्यापर्यंत पाणी नाही."

"उद्या दोन वाजता आम्ही मास्तरांना घेऊन येतो," गुप्ते म्हणाले.

रविवारी हरिहर मास्तर आले ते सरोजच्या आग्रहाखातर. कपाटासमोर बसले, पण बटणांना हात लावेनात.

"मास्तर, आज खेळायचं नाही," गुप्ते म्हणाले. "सुमतीबाई, तुम्हीही बाहेर या. गुणाजी, बस तूही. गुरुदत्त, तुम्ही म्हणालात यंत्राला सवय नसते. खरं ना?"

"खरं."

"मग ते देशी बुद्धिबळाच्या सवयी कुठे शिकलं? घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा घोडाच करायचा, ही आपल्याकडची रीत. इंग्रजी पद्धतीत तिथे वजीर मिळत होता. जड चाल निवडणाऱ्यानं वजीर सोडून घोडा घेतला. फुकटचं प्यादंही सोडलं, कारण आपल्याकडे एकट्या राजाला बुर्जी म्हणतात आणि ती विजयात जमा धरत नाहीत. तुमच्या पुठ्ठ्यावर तर ते कलमच नाही. मास्तरांना यात काही खटकलं नाही. विश्रामलाही नाही. त्यांनीही तेच केलं असतं! लहानपणापासून देशी पटावर वाढलेला माणूसच ही चूक करील."

"माणूस?" मास्तरांनी मान वर केली.

"आता तो कोण ते पाहू. गुरुदत्त पुस्तकावर शिकलेले, त्यांना या सवयी नाहीत. शिवाय ते सगळ्यांसमोर उभे. गुणाजी तिसऱ्या डावाला गावी होता. उरली चारची विश्रांती. वेटोळी दोन तासांत तापतात म्हणे. तिसरा डाव साडेतीनला सुरू झाला, मग तो चारला कसा थांबला? यंत्र तापलं नव्हतं. चारला नळ आला होता. खेळणाऱ्याला पाणी भरायचं होतं."

विश्रामरावांनी आ वासला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सुमतीने पदर घट्ट धरला. "यांचं यंत्र पहिल्याच दिवशी अडलं, मास्तर. चार चाली खेळलं आणि दिवे विझले. बाहेर सगळे हसायला लागलेले. तपासणीसाठी यांनी तसेच दिवे नि बटणं आत स्वयंपाकघराच्या भिंतीलाही जोडलेली; त्या दिव्यांवर मी डाव पहिल्यापासून बघत होते. ती बटणं दाबली. यांची लाज राखायला."

"आणि पुढचे दोन डाव?" गुप्त्यांनी विचारले.

ती मास्तरांकडे वळली. "पुढचे माझ्यासाठी. नऊ वर्षांनी कोणीतरी माझ्याशी खेळत होतं. तुमचं काय होईल याचा विचार केला नाही. चुकलं माझं."

गुरुदत्तने मान खाली घातली. "मला माहीत होतं. लोक वाहवा करत होते, मी घेत राहिलो."

सरोजचा जीव टांगणीला लागला. कपाटाकडून हरलेला माणूस चुलीपुढच्या बाईकडून हरलो म्हणून आणखी खचणार नाही कशावरून?

"पहिल्या डावात," मास्तर सावकाश म्हणाले, "मी उंट उघडा ठेवला होता. मारला का नाही?"

"तुम्ही एरवी चाल कळवली की खाकरता. त्या वेळी भिंतीपलीकडे अगदी शांत होतं. म्हटलं, मास्तर श्वास धरून बसलेत, इथे काहीतरी आहे."

मास्तर मोठ्याने हसले. कित्येक दिवसांनी हसले. "हे कपाटाला कधी ऐकू येईल का हो, गुप्ते?"

"पुढचं कोणी सांगावं? येईलही. पण आजवर तुम्हाला माणसानंच हरवलंय."

"मग राजीनामा मी आजच परत मागतो. बाई, तुमच्यासारखं डोकं मी एकतीस वर्षांत एकदाही घडवलं नाही. वर्गात पहिल्या बाकावर कोण बसतं तेच बघत राहिलो." ते थांबले आणि लेकीकडे वळले. चेहऱ्यावर संकोच होता. "सरोज, तुला मी कधी शिकवलंच नाही, नाही का? शिकतेस?"

"मला येतं, बाबा."

"कधीपासून?"

"तिसरीत होते तेव्हापासून. तुम्ही ओटीवर खेळायचात, मी दाराआडून बघायचे."