फळीवरचे एकोणीस कप

“ह्या खुर्चीनं माझी कंबर खाल्ली आणि ह्या मेल्या निळ्या फुलानं डोळे!” कपावर पाकळी ओढता ओढता मावशी पुटपुटल्या. “बारा वर्षांत एकदा तरी कुणी लाल फूल मागावं? नाव नको!”

शेजारी बसलेली धाकटी हसली नाही. रंगकामाच्या टेबलावर ती वयानं सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. आज तिचा ब्रश हातात नुसता वाळत होता. कपांचा हा कारखाना बंद पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं. “ते झालं तर...” एवढंच म्हणायचं आणि गाडी हवापाण्यावर न्यायची. घरी तिच्या थोरल्या ताईनं मात्र तिच्यासाठी औषधाच्या दुकानात जागा बघून ठेवली होती. हो की नाही, संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. “चित्रांनी कुणाचं भलं झालंय?” हे ताईचं पालुपद.

खरं तर कुणकुण लागली तेव्हापासूनच धाकटीचा हात कापू लागला होता. एक दिवस पाकळी घसरली आणि तिचा कान झाला. कानाला मग मांजर लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मिशा, तिसऱ्या दिवशी पेंगणाऱ्या मावशी... फुलं काढताना जीव धास्तावायचा, आगाऊपणा करताना हात कसा ठाम! उद्याचा पत्ता नाही आणि चित्रं कधी नव्हे इतकी सुचताहेत — हे काय गौडबंगाल, तिचं तिलाच कळेना.

पण भट्टीतून निघून असा कप तपासणीच्या खोलीत गेला, की गायब. तिथला तपासनीस उंच, अबोल, कानामागे लाल पेन्सिल खोचलेला. नापास कपाच्या बुडाला फुली मारायची आणि कप फोडून टाकायचा, हे त्याचं काम. टेबलावर त्याला सगळे फुलीवाला म्हणत.

“एकोणीस!” धाकटी ताडकन उठली. “माझे एकोणीस कप फोडले त्या माणसानं. जायचंच आहे, तर चार शब्द सुनावून जाते.”

“जा. पण आधी केस नीट कर.”

“भांडायला चाललेय मी, मावशी!”

“म्हणूनच.”

ती दार ढकलून आत शिरली. फुलीवाला चहा पीत होता. तिला पाहताच त्याला ठसका लागला. हातातला कप पाठीमागे गेला, अर्धा चहा शर्टावर.

“दाखवा तो कप.”

“गरम आहे...”

“दाखवा!”

कपावर साहेबांच्या मिशा. मागच्या फळीवर बाकीचे अठरा, ओळीनं, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. पेंगणाऱ्या मावशी खिडकीशी, छान उन्हात.

धाकटीनं फळीवरचे कप बोटानं मोजले.

“हे... फोडायचे असतात ना?”

“हो. नियम आहे.”

“मग?”

“हातोडी सापडत नाही.”

हातोडी त्याच्या कोपराशीच लोळत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. त्यानं हळूच तिच्यावर रुमाल टाकला.

“मग नापास तरी कशाला केलेत?”

“पास केले असते तर खोक्यात बसून गेले असते... कुणाच्या तरी घरी.” त्यानं मान खाली घातली. “मंगळवारी तुम्ही नुसती फुलं काढलीत. पाच डझन, सगळी बिनचूक. माझा दिवस फुकट गेला.”

“तपासनीस असून असं बोलता?”

“तपासनीस असून.”

तिला हसू आलं आणि लगेच रडूही. “मी उद्यापासून नाही येणार. औषधाच्या दुकानात—”

“नका जाऊ!” मग तो गडबडला. “म्हणजे... जा. जायलाच हवं, कारण हा कारखाना...” तो थबकला. दारात अख्खं टेबल जमा झालं होतं, ब्रशांसकट. तरी त्यानं वाक्य पुरं केलं. “महिनाअखेरीस बंद होतोय. नोटीस परवापासून माझ्या खणात आहे. पण तुम्ही काढणं थांबवू नका. औषधाच्या पाकिटांवर काढा, कशावरही काढा.”



“ते ठाऊक होतं, बाबा,” मावशी म्हणाल्या. “दुसरं सांग.”

“दुसरं... काय?”

“एकोणीस कप कुणी उगाच सांभाळतं होय?”

“मला... म्हणजे तसं... माझं म्हणणं...” फुलीवाल्याचे कान त्या पेन्सिलीपेक्षा लाल झाले.

“अशानं महिनाअखेर इथेच व्हायची,” धाकटी म्हणाली. “दुकानात मी जाईन. चित्रही रोज एक काढीन. पण बघायला हेच हवेत.” आणि मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत — “मला आवडतात हे, मावशी. झालं?”