उतरलेली हलगी

निःशब्द कक्षात पाऊल टाकताच सुबराव आवळे थबकला आणि त्याने स्वतःच्याच छातीवर दोनदा थाप मारून पाहिली.

"रेवाताई, ह्या खोलीत मानूस मेलं तर त्याचं त्यालाबी कळायचं न्हाई."

भिंतींवर, छतावर आणि जाळीदार जमिनीच्या खालीही हातभर लांबीचे मऊ सुळके बसवलेले होते. येथे उच्चारलेला शब्द कोठूनही परत येत नसे. कोल्हापूरच्या नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी उभारलेल्या प्रयोगशाळेतील ही सर्वांत महाग खोली होती, आणि तिच्यात काहीही घडत नाही हाच तिचा गुण होता.

काचेपलीकडे स्टेडियमच्या ध्वनिरचनाकार डॉ. रेवती इंगवले आणि मुख्य अभिकल्पक डॉ. निरंजन पळसुले बसले होते. सुबराव हा नागझरी तालमीच्या फुटबॉल संघाचा हलगीवाला. संघातील अकरा खेळाडूंची नावे ज्यांना सांगता आली नसती, अशी माणसेही त्याची हलगी भिंतीआडून ओळखत. ही गोष्ट तो स्वतः दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत असे.

"शेगडी कुठं ठेवू?" त्याने विचारले.

"शेगडी नाही चालणार, सुबरावकाका. आत धूर झाला की पाण्याचे फवारे सुरू होतात."

"मग हलगी शेकू कशावर? साहेबांच्या टकलावर?"

पळसुले मनापासून हसले. "ते पुरेसं तापत नाही, अशी घरी तक्रार आहे."

"ह्या गारठ्यात कातडं उतरलंय बगा." सुबरावने बोट मारून दाखवले. "धप् धप् बोलतंय. ही सुबरावची हलगी म्हनून कुटं वाजवू नका. अब्रू जाईल माझी."

"नुसता नमुना आहे," पळसुले म्हणाले.

तो वाजवू लागला. प्रत्येक फेरीनंतर थोडा थांबे. कशासाठी, असे पळसुल्यांनी विचारले, तेव्हा सुबरावने त्यांच्याकडे दयेने पाहिले. "समोरून चिंचमळ्याचा गणपा उत्तर देतो की. त्याला जागा नको? का एकट्यानंच बडबडू?"

चिंचमळा ही पलीकडची तालीम, आणि गणपा तिचा हलगीवाला. दोघे आयुष्यभर एकमेकांना हलगीवरून शिव्या देत आले होते आणि प्रत्यक्षात क्वचितच बोलले होते.

सुबराव गेल्यावर रेवती खुर्चीतून उठली नाही. "सर, भयशमन मला मान्य आहे. स्वरपूर्ती मान्य नाही."

भयशमनाला विरोध करणे कठीणच होते. जुन्या मैदानावर एका अंतिम सामन्यात कोणीतरी फटाका फोडला, एक बाई किंचाळली, आणि त्या एका किंकाळीमागे धावलेल्या गर्दीत अकरा माणसे मेली. फटाक्याने कोणाला साधे खरचटलेही नव्हते. त्या दिवशी पळसुले मैदानात होते. त्यांनी नंतरची वर्षे एकाच प्रश्नाला वाहिली, आणि त्यांना सापडलेले उत्तर वादातीत होते. किंकाळीचा स्वर सलग नसतो. त्याची तीव्रता सेकंदात कित्येक डझन वेळा चढते आणि उतरते. ही खरखर मेंदूतील भयकेंद्राला थेट जाऊन भिडते, विचाराला मध्ये यायला सवडच मिळत नाही. ऐकणारा दचकतो, ओरडतो, आणि भय पुढच्याकडे जाते. तेव्हा खरखर पोहोचूच द्यायची नाही. नव्या स्टेडियमचे छत म्हणजे हजारो ध्वनिपाकळ्यांचे एक छत्र होते. किंकाळी उमटली की पाकळ्या तिच्या नेमकी उलट लहर सोडत आणि चार मीटरांच्या पलीकडे ती नाहीशी होई. पलीकडच्याला ऐकू येई तो फक्त खेळाचा जल्लोष.

"भय म्हणजे किंकाळी नव्हे, डॉक्टर," पळसुले म्हणाले. "भय म्हणजे बदल. जुन्या मैदानाच्या ध्वनिफिती तुम्हीच स्वच्छ करून दिल्यात. धावाधाव सुरू होण्याआधी काय ऐकू येतं?"

"हलगी थांबते."

"आणि?"

"आणि शांतता."

"म्हणजे किंकाळी दाबली आणि शांतता तशीच सोडली, तर अर्धंच काम झालं. प्रेक्षकांचा एखादा सज्जा एकाएकी गप्प झाला, तर बाकीचे सज्जे त्याच्याकडे बघू लागतात. म्हणून खड्डा भरायचा, हीच स्वरपूर्ती. त्या सज्जाचा आवाज, त्याचीच हलगी. कोणाला काही जाणवायला नको."

"कुस्तीच्या मैदानात हलगी थांबते तेव्हा त्याचा अर्थ असतो, सर. मी नऊ वर्षांची असताना आमच्या आण्णांचा खांदा निखळला. हाच सुबराव वाजवत होता. त्यानं हात आखडला आणि सगळं मैदान जागच्या जागी उभं राहिलं. कोणी धावलं नाही. डॉक्टरांना वाट मिळाली."

"अर्थ काय असतो?"

"थांबा. कोणाला तरी लागलंय."

पळसुल्यांनी चष्मा पुसला. ते क्रूर नव्हते. क्रूर माणसांशी वाद घालणे सोपे असते. "कुस्तीच्या मैदानात सगळ्यांना सगळं दिसतं. इथं चाळीस हजार माणसं आहेत. निम्म्यांना 'थांबा' कळलं आणि निम्म्यांना नाही, तर काय होईल ते मला विचारू नका. मी पाहिलंय."

या युक्तिवादात रेवतीला दोष सापडला नाही. दोष सापडत नाही, तेव्हा मान्य करावे, असे शिक्षण तिला मिळालेले होते. तिने मान्य केले. बदल्यात तिला दोन गोष्टी मिळाल्या: स्वरपूर्ती बंद करण्याची कळ एकट्या तिच्या हाती राहील, आणि सज्जात विस्तव निषिद्ध असला तरी सुबरावला बाहेरच्या मार्गिकेत शेगडी ठेवता येईल. दुसरी सवलत तिने आग्रहाने मिळवली होती.

प्राचीन रोमन लोकांनी आपल्या प्रेक्षागारांच्या दारांचे नाव ओकारीवरून ठेवले होते, कारण खेळ संपला की त्या दारांतून माणसे भडाभडा बाहेर पडत. आपल्याकडे सभ्यता अधिक असल्याने नव्या स्टेडियमच्या आराखड्यात त्याच दारांना 'कंठद्वार' म्हटले गेले. मार्गिकेतून सज्जात उघडणारी ही दारे गर्दीच्या गणिताने काढलेली होती, आणि ते गणित बरोबर होते. त्यात माणसे दाराकडे चालत येतात असे गृहीत धरले होते. ती कशाच्या ओढीने येतात हा स्थापत्याचा विषय नव्हता. उद्घाटनाच्या भाषणात एका मंत्र्यांनी सांगितले की या वास्तूत भीतीला प्रवेश नाही. टाळ्या पडल्या. छताने त्या किंचित वाढवून ऐकवल्या.

उद्घाटनाच्याच दिवशी नागझरी विरुद्ध चिंचमळा असा सामना ठेवलेला होता. एप्रिलची दुपार, सिमेंट तापून पांढरे पडलेले. रेवती आणि पळसुले नियंत्रण कक्षात होते. समोरच्या पडद्यावर प्रत्येक सज्जाचा शांतता-निर्देशांक, म्हणजे तेथे भय किती कमी आहे याचे मोजमाप, हिरव्या आकड्यांत उमटत होता. मध्यंतरापर्यंत गोल झाला नव्हता. सुबराव आणि गणपा यांनी मात्र हलगीवरून एकमेकांचे भरपूर उणेदुणे काढले होते.

मध्यंतरात सुबराव नागझरीच्या दक्षिण सज्जाच्या मार्गिकेत हलगी शेकायला गेला. कॅमेऱ्यात तो शेगडीपुढे उकिडवा बसलेला रेवतीने पाहिला. त्याने कातड्यावर बोट मारले, समाधानाने मान डोलावली आणि वाजवतच कंठद्वाराकडे निघाला. चहा आणि भडंग संपवून परतणारी माणसे नेहमीप्रमाणे त्याच्या मागे चालू लागली. हलगीच्या मागून आत शिरण्यात एक रुबाब असतो.

उत्तरार्ध सुरू होऊन मिनिटही झाले नसेल, तोच नागझरीने गोल केला.

मार्गिकेतल्या माणसांना गोल दिसला नाही, ऐकू आला. ती पुढे रेटली. दाराशी, पायऱ्यांच्या तोंडावर, कोणीतरी पडले. त्याच्यावर दुसरा पडला. कॅमेऱ्यात दिसली ती फक्त डोकी आणि वर उचललेले हात, आणि गोल झाल्यावर सगळ्याच सज्जांत हात वर असतात.

"काय सज्जा आहे," पळसुले हळूच म्हणाले. "सत्त्याण्णव. इतका निर्देशांक प्रयोगशाळेतही आला नव्हता."

हलगी वाजत होती. एक फेरी, मग विराम. समोरून गणपाने त्वेषाने उत्तर दिले. दुसरी फेरी. विराम. उत्तर.

रेवतीने मान वर केली.

"सर, ऐका."

"ऐकतोय. सुंदर."

"हलगी उतरलेली आहे."

पळसुल्यांना कळले नाही.

"धप् धप् बोलतेय. बाहेर एवढं ऊन आहे. आत्ता तो ती शेकून आला, मी पाहिलं. शेकलेली हलगी अशी बोलत नाही." तिने दक्षिण सज्जाच्या आकड्याकडे बोट केले. "ही आपल्या खोलीतली आहे. तो नमुना."

पळसुल्यांनी पडद्याकडे पाहिले. दक्षिण सज्जाच्या आकड्याखाली एक बारीक ओळ होती: स्वरपूर्ती चालू. ती ओळ कोणाचे लक्ष वेधू नये अशाच रंगात ठेवलेली होती. ती किती वेळ तेथे होती, हे दोघांनाही सांगता आले नसते.

"म्हणजे तो दमला असेल," ते म्हणाले.

"सुबरावकाका? चिंचमळ्यासमोर?"

"छत्र बंद करायचं म्हणत असाल तर नाही. तिथं खरंच काही झालं असेल, तर दाबून ठेवलेल्या सगळ्या किंकाळ्या एकदम चाळीस हजार माणसांवर सुटतील. अकरा नाही, डॉक्टर. हजार मरतील."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. निदान त्यांच्या सिद्धांताप्रमाणे. आणि ते बोलत असताना मार्गिकेतली माणसे सुबरावच्या हलगीकडे, आत चालू असलेल्या त्या आनंदाकडे, पुढे रेटतच होती.

"भयशमन तुमचं आहे, ते राहू दे," रेवती म्हणाली. "माझं मी बंद करते."

तिने स्वरपूर्तीची कळ खाली ओढली.

दक्षिण सज्जा नाहीसा झाला. म्हणजे डोळ्यांना तो दिसत होता, पण कानांच्या लेखी तेथे काही उरले नाही. किंकाळ्या छत्राने पुसल्या होत्या आणि हलगी तिने. समोर गणपाने आपली फेरी संपवली आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर आले नाही. त्याने आणखी एक थाप मारली, अर्धीच. मग त्याने हात आखडला आणि हलगी छातीशी धरून तो उभा राहिला.

गणपाचा उत्तरेचा सज्जा गप्प झाला. मग पूर्वेचा, मग पश्चिमेचा. खेळाडू थांबले. पंचाने शिटी वाजवली नाही. तशी गरज उरली नव्हती. मार्गिकेत, जेथे फक्त पाठी दिसत होत्या, तेथे मागच्या माणसाने रेटा थांबवला, मग त्याच्या पुढच्याने. एक पाऊल मागे. आणखी एक. चाळीस हजार माणसे उभी होती आणि एकही जण धावत नव्हता.

डॉक्टरांना वाट मिळाली. कंठद्वारातून सव्वीस मृतदेह बाहेर काढण्यात आले. सुबराव सर्वांत खाली होता. हलगीची कड त्याच्या बोटांतून सोडवावी लागली. कातडे फाटलेले होते, आणि आजूबाजूच्या लोकांचे म्हणणे होते की ते अजून गरम होते.

चौकशी समितीपुढे रेवतीने सर्व काही सांगितले. लोक भयाने धावत नाहीत, असे ती म्हणाली. काय झाले आहे ते कळले नाही तर धावतात. कळले, तर थांबतात. तेथे वाजवणारा खरोखर थांबला आहे, यावर त्यांचा विश्वास बसला होता. समितीने तिचे म्हणणे आदराने ऐकून घेतले.

त्यानंतर पळसुल्यांनी आलेख मांडला. त्यांचे वजन उतरले होते; सव्वीस माणसांचे दुःख त्यांना खरोखर झालेले होते. पण आलेख आलेखच होता. स्वरपूर्ती बंद होताच चारही सज्जांचा शांतता-निर्देशांक शंभरावर गेला होता. आणि त्या क्षणी दक्षिण सज्जात शांतता नव्हती. छत्राच्या आतल्या बाजूच्या नोंदीत किंकाळ्या स्पष्ट होत्या. ज्या शांततेने लोकांना थांबवले, ती छत्राने तयार केलेली होती.

"डॉ. इंगवले यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली. खड्डा भरायला नको होता. तो खोदायला हवा होता."

"सर, ती शांतता खरी आहे असं लोकांना वाटलं म्हणून ते थांबले," रेवती म्हणाली.

"तेच म्हणतोय. आता ते वाटणं आपल्याला निर्माण करता येईल. पाहिजे तेव्हा."

शिफारस एकमताने झाली. छत्रात नवी व्यवस्था बसवण्यात आली: कोणत्याही सज्जाचा निर्देशांक घसरू लागला की छत्र सर्व स्टेडियमचा आवाज काही क्षण पुसून टाकी. पहिल्या वेळी लोक चपापून उभे राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी आजूबाजूला पाहिले. कोठे दोघांची बाचाबाची, कोठे रेफ्रीला शिवीगाळ, एवढ्याने शांतता होऊ लागली. पावसाळा संपेपर्यंत लोक तेवढ्या वेळात शेंगा सोलून घेऊ लागले. पुढच्या शहरातल्या नव्या स्टेडियमच्या आराखड्यात ही व्यवस्था पायाभरणीपासूनच आहे.

हिवाळ्यात रेवती शहराबाहेर एका कुस्तीच्या मैदानाला गेली. गणपा वाजवत होता. नागझरीकडून आता वाजवणारे कोणी नव्हते, म्हणून तो दोन्ही तालमींसाठी वाजवी. तिसऱ्या कुस्तीत एका पोराचा गुडघा फिरला आणि गणपाने हात आखडला.

लोकांनी आधी वर पाहिले. हजारो माना एकदम वर गेल्या.

वर छत नव्हते, फक्त आभाळ होते. तेवढी खात्री झाल्यावर काही जण गप्प झाले. बाकीचे बोलत राहिले, आणि डॉक्टर गर्दीतून वाट मागत राहिले.